लागू पडलं की बाधलं?

आईच्या ट्रंकेत तळाशी 1976 सालच्या कालनिर्णयाची चार पानं आहेत, मे ते ऑगस्टची. प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर दुधाचा हिशेब आहे. दूधवाला आला नाही त्या दिवशी नेहमीसारखा ‘खाडा’. आणि त्याच चौकोनात खाली, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात दुसरा हिशेब आहे. ‘मान.’ ‘फेऱ्या, रात्रभर.’ ‘गोळी खाडा.’ ‘हात थरथर, चहा सांडला.’ जुलैच्या अखेरीस एका चौकोनात दोनच शब्द आहेत: ‘काही नाही.’

हा माझ्या दादाच्या औषधांचा हिशेब आहे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या, तह, लढाया मुलांकडून घोकून घेतल्या. पण माझ्या घरातलं खरं ऐतिहासिक दप्तर म्हणजे ही चार पानं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मनाच्या आजारावर नवं औषध सुरू होतं तेव्हा पहिले काही दिवस, काही आठवडे, त्या घरात काय घडतं, याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. ती आमच्याकडे दुधाच्या हिशेबाखाली सापडली.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, हनुमान मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. वस्तीच्या नावातच दोन भाषा नांदतात: तात्या आपला, आणि पारा छत्तीसगढीतला, म्हणजे मोहल्ला. 1741 मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपुरात उतरले, 1758 पासून बिंबाजी भोसले तिथूनच कारभार पाहू लागले, आणि मराठी माणसं या मुलखात रुजली. 1818 मध्ये इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने राजधानी रतनपुरातून रायपुरात आणली. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याचं ठाणं नागपूर. तेव्हापासून आमच्या सुना, लोणच्याच्या बरण्या, दिवाळी अंक आणि मोठ्या दुखण्यांवरचे डॉक्टर, सगळं नागपूरहून येत राहिलं.

मनाच्या दुखण्याची वाट तर नागपूरचीच होती. तिथलं वेड्यांचं इस्पितळ 1864 सालचं. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण जवळच्या चौकाला नागपूरकर अजून पागलखाना चौकच म्हणतात. आमच्या लहानपणी रायपुरात ‘नागपूरला नेलं’ या शब्दांचे दोन अर्थ होते. एक लग्नाच्या खरेदीचा. दुसरा आवाज खाली आणून सांगायचा.

त्या काळच्या अशा इस्पितळांत औषधं म्हणावी अशी थोडीच होती. 1857 पासून ब्रोमाइड वापरात आलं, 1869 मध्ये क्लोरल हायड्रेट, 1882 मध्ये पॅराल्डिहाइड. पॅराल्डिहाइडचा उग्र वास माणसाच्या श्वासाला चिकटून राही आणि वॉर्डभर पसरे. ब्रोमाइड फार दिवस दिलं की ते अंगात साठायचं. अंगावर पुरळ उठे, बोलणं अडखळे, भ्रम होई. आणि हा भ्रम आजाराचाच समजून पुन्हा ब्रोमाइड दिलं जाई. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या दीडशे वर्षांत तीच चूक वेगवेगळ्या औषधांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झाली. औषध बाधलं, पण लोकांना वाटलं आजार वाढला.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. औषध लागू पडतं आणि औषध बाधतं. माझ्या आजीच्या तोंडी हे दोन्ही शब्द सतत असत. पण ‘बाधा’ हा शब्द आपल्याकडे भुताखेतांसाठीही आहे, आणि या एका शब्दाने आमच्या घराचा फार घोळ केला.

आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणी रात्ररात्र ओरडत असे. ही स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. त्याला वैद्यांनी सर्पगंधेच्या मुळीचं चूर्ण दिलं. ही मुळी आमच्या इकडच्या जंगलांत होते आणि गोल बाजारातल्या जडीबुटीवाल्यांकडे मिळत असे. आजी सांगायची, आठवड्याभरात तो शांत झाला, पण नाक कायम चोंदलेलं. सर्दी नाही, ताप नाही, तरी नाक बंद. घरात म्हणच पडली होती की भाऊजींचं नाक चोंदलं म्हणजे औषध लागू पडलं. पुढे तो इतका गप्प झाला की ताटासमोर बसून राही, घास उचलत नसे. तेव्हा मात्र त्याला काय झालं, हे कुणी विचारलं नाही. ओरडणं थांबलं होतं, घराला तेवढंच हवं होतं.

याच मुळीवर 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लेख लिहिला. वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर हे नवं भारतीय औषध आहे, असं त्यांनी मांडलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. 1954 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड इस्पितळात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल दिला. त्या सुमारास नोंदी येऊ लागल्या: नाक चोंदतं, गुंगी येते, जुलाब होतात, हात कापतात, आणि काही माणसं खोल उदासीत जातात. हे वाचताना मला आजीने सांगितलेलं ते चोंदलेलं नाक आणि न उचललेला घास आठवला. आमच्या माजघरात जे सगळ्यांना दिसत होतं, ते छापून यायला इतकी वर्षं लागली.

आता दादाकडे येते. 1976 च्या मे महिन्यात तो चोवीस वर्षांचा होता आणि गोल बाजारात एका कापडाच्या दुकानात खतावणी लिहायचा. त्याचं अक्षर इतकं देखणं की लग्नपत्रिकांवर नावं घालायला सगळा पारा त्याच्याकडे यायचा. एप्रिलपासून त्याची झोप गेली. दुकानातली माणसं आपल्याबद्दल कुजबुजतात असं तो म्हणू लागला. मग भिंतीतून आवाज येऊ लागले. रायपुरात 1963 पासून मेडिकल कॉलेज होतं, डी. के. हॉस्पिटल होतं, पण बाबांनी रात्रीची गाडी धरली आणि त्याला नागपूरला धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या घेऊन ते तिसऱ्या दिवशी परतले. दिवसातून दोनदा द्या, महिन्याने दाखवा, एवढंच सांगितलं होतं. पुढे काय काय होऊ शकेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दादाची मान एका बाजूला वळली आणि तशीच राहिली. डोळे वर चढले, नुसतं पांढरं दिसू लागलं. जीभ जड झाली. तो घाबरून घशातून आवाज काढत होता. मी सतरा वर्षांची होते, अंगणात वाळत घालायचे कपडे हातात तसेच राहिले. शेजारच्या बायका जमल्या. काकू म्हणाली, बाहेरची बाधा आहे, मी आधीच म्हणत होते. कुणी मारुतीचा शेंदूर आणला, कुणी झाडफूक करणाऱ्या बैगाला आणायला निघालं. आई पदर तोंडाला लावून उभी होती.

तेवढ्यात गल्लीतल्या दवाखान्याचा म्हातारा कंपाउंडर आला. त्याने गोळ्यांची बाटली हातात घेतली, नाव वाचलं आणि आईला म्हणाला, “दाई, ये ह भूत-परेत नोहे, दवई के असर आय.” त्याने फेनर्गनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली. दादाने पाणी मागितलं. काकूने हातातला अंगारा हळूच पदराच्या टोकाला बांधला आणि घरी गेली. मी तिला दोष देत नाही. तिच्याजवळ जे ज्ञान होतं, ते तिने प्रेमाने आणलं होतं.

हॅलोपेरिडॉल 1958 मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याच्या आधी, 1952 मध्ये पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळात देले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरायला सुरुवात केली होती. या औषधांनी लाखो माणसं साखळदंडातून आणि बंद खोल्यांतून बाहेर आली, ही गोष्ट मी पूर्ण कृतज्ञतेने लिहिते. माझा दादा त्यांतलाच एक. पण 1954 पर्यंत लोझानच्या हान्स श्टेक यांनी लिहून ठेवलं होतं की या औषधांनी कंपवातासारखा ताठरपणा येतो. मान वळणं, डोळे चढणं हे पहिल्या काही दिवसांतच होतं आणि तरुण पुरुषांत जास्त होतं, हेही पुढे पाठ्यपुस्तकांत आलं. म्हणजे 1976 च्या मे महिन्यात ही माहिती जगात होती. ती तात्यापाऱ्यात एका कंपाउंडरपाशी होती. आमच्यापाशी नव्हती.

बाबांनी नागपूरला पत्र टाकलं. उत्तरात दुसरी गोळी आली, पॅसिटेन. मान पुन्हा वळली नाही, पण जूनमध्ये नवीनच सुरू झालं. दादाचं बूड टेकेना. जेवायला बसला की उठायचा. रात्री तात्यापारा चौकातून शारदा चौकापर्यंत जायचा आणि परत यायचा, मग पुन्हा जायचा. बाबा त्याच्या मागे वीस पावलांवर चालत. पायांत मुंग्या नाहीत, दुखत नाही, पण आतून कुणी ढकलतंय, असं तो सांगायचा. बाबांनी पुन्हा पत्र लिहिलं की मुलाची अस्वस्थता वाढली आहे. उत्तर आलं, गोळी वाढवा. वाढवली, आणि फेऱ्याही वाढल्या.

या स्थितीला डॉक्टर अकाथिसिया म्हणतात. ग्रीकमधून घडवलेला शब्द, अर्थ न बसणं. प्रागचे लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी तो 1901 मध्ये वापरला, ही औषधं जन्मायच्या अर्धशतक आधी. आमच्या मराठीत त्याला अगदी हाच शब्द तयार होता: बूड न टेकणं. आई तो रोज उच्चारत होती. पण बाबांनी पत्रात ‘अस्वस्थता’ लिहिलं, कारण डॉक्टरांना लिहायचं म्हणजे शुद्ध, पुस्तकी लिहायचं अशी त्यांची समजूत. अस्वस्थता आजाराचीही असते. बूड न टेकणं बहुतेक औषधाचं असतं. त्या एका शब्दाच्या निवडीत दादाचे पाच आठवडे गेले, असं मला आज वाटतं.

ते पाच आठवडे आईने कॅलेंडरवर मांडले. तिने कुणाचं पाहून हे केलं नाही. दूध कधी आलं, कधी आलं नाही, किती पैसे कापायचे, हे जिथे लिहायची तिथेच तिने लिहिलं की गोळी सकाळी दिली, दोन तासांनी फेऱ्या, संध्याकाळी हात थरथर. आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं की ज्या दिवशी गोळीचा खाडा पडतो त्याच्या दुसऱ्या दिवशी फेऱ्या कमी होतात.

आणि तिने आणखी एक टिपलं होतं: ‘अक्षर बारीक.’ दादाला करमावं म्हणून बाबा त्याला घरखर्च लिहायला बसवत. ओळीच्या सुरुवातीला अक्षर मोहरीएवढं आणि शेवटाला खसखशीएवढं. ज्याच्या अक्षरासाठी लग्नघरं खोळंबायची, त्याचं लिहिलेलं वाचवेना. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की 1950 च्या दशकात जर्मनीतले डॉक्टर हान्स-योआखिम हाझे रुग्णांकडून लिहून घेत. अक्षर किंचित आक्रसू लागलं की औषधाची योग्य मात्रा तिथे सुरू झाली असं ते मानत, त्यापुढे मात्रा वाढवायची गरज नाही म्हणत. म्हणजे आईच्या पेन्सिलीने जे पकडलं, ती एका डॉक्टरची रीतसर चाचणी होती. ती चाचणी सांगत होती: पुरे.

जुलैत बाबा दादाला घेऊन पुन्हा नागपूरला गेले तेव्हा आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मे, जून आणि जुलैची पानं फाडली आणि घडी करून बाबांच्या खिशात घातली. बाबांना लाज वाटत होती. डॉक्टरांना दुधाचा हिशेब दाखवायचा? पण दाखवला. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं तो वाचला. मग गोळी निम्म्यावर आणली, आणि या बाईंना पुढच्या वेळी बरोबर आणा, असं म्हणाले. तीन आठवड्यांत दादाच्या फेऱ्या थांबल्या. आवाज परत आले नाहीत. ‘काही नाही’ हे दोन शब्द आले ते तेव्हा, जुलैच्या अखेरीस.

आमच्यासारखंच एक घर इंग्लंडात होतं. नॉटिंगहॅमचे रो नावाचे औषधशास्त्राचे जाणकार, त्यांच्या पत्नीला उदासीवरची एक गोळी चालू होती. त्यांना पाहून पाहून कळलं की तिचं भयंकर डोकं दुखतं ते चीज खाल्ल्यावरच, दूध-लोण्याने नाही. त्यांनी हे लंडनच्या मॉड्सली इस्पितळातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्राने कळवलं. आधी कुणी मनावर घेतलं नाही. ब्लॅकवेल यांनी मग पिच्छा पुरवला आणि 1963 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. चीजमधल्या टायरामिनमुळे त्या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब एकदम चढतो, हे त्यानंतर सिद्ध झालं आणि त्या गोळ्यांबरोबर पथ्य सांगितलं जाऊ लागलं. एका नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर जे पाहिलं त्याने किती जीव वाचले असतील.

पुढे दादाचं निदान बदललं आणि 1990 च्या सुमारास लिथियम सुरू झालं. तेव्हा मात्र गोष्ट वेगळी घडली, कारण रायपूरच्याच नव्या डॉक्टरांनी आधी बसवून सांगितलं. हात थोडे थरथरतील, तहान लागेल, लघवीला जास्त होईल. रक्त तपासत राहायचं, आकडा साधारण 0.6 ते 1 च्या दरम्यान हवा, दीडच्या वर गेला तर धोका. उलट्या, जुलाब, झोकांड्या, बोलणं जड, यांतलं काही दिसलं तर थांबू नका, तसेच या. आणि मीठ तोडू नका, पाणी तोडू नका. लिथियम 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर वापरलं. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियमचं मीठ नेहमीच्या मिठाऐवजी खाणारे हृदयरोगी विषबाधेने दगावले आणि ते बाजारातून काढावं लागलं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, हे त्यामागचं कारण.

रायपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. पारा 44-45 ला जातो, माणूस घामाने निथळतो. आईने दादाचे अळणी उपवास बंद केले. एकादशीला ती त्याच्यापुढे मिठाचं ताट ठेवायची आणि म्हणायची, तुझा उपवास मी करते. छत्तीसगढी शेजारणीकडून ती बासी शिकली: रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी मीठ आणि कांदा घालून खायचा. उन्हाळाभर दादाची न्याहारी तीच. डॉक्टरांनी सांगितलेलं शास्त्र तिने आमच्या मुलखाच्या जेवणात बसवलं. 2015 मध्ये दादा गेला तो हृदयाच्या झटक्याने. त्याआधी पंचवीस वर्षं त्याने खतावणी लिहिली. अक्षर पुन्हा तेवढं देखणं झालं नाही, पण वाचता यायचं.

मग माझी पाळी आली. 2021 मध्ये माझे यजमान गेले. पावसाळ्यात मला पहाटे तीनला जाग येऊ लागली, छातीत दगड, आणि चूल पेटवायचीही इच्छा नाही. माझं सासर माहेरापासून दोन गल्ल्यांवर, पण तेवढं चालणंही जड झालं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम दिलं, पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, मग 10. आणि त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं, स्वतःच्या हाताने: “पहिले दहा-बारा दिवस मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, धडधड वाढल्यासारखी वाटेल. गुण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. नाश्त्यानंतर घ्या. आपल्या मनाने बंद करू नका. जीव नकोसा वाटला किंवा बसवेना, तर त्याच दिवशी फोन करा.”

सगळं तसंच झालं. चौथ्या दिवशी मळमळ इतकी की गोळी फेकावीशी वाटली. जबडा आवळलेला, जांभयांवर जांभया. मी कॅलेंडर काढलं. आता दूध पिशवीतून येतं, हिशेब नाही, चौकोन रिकामे असतात. त्यांत लिहू लागले. ‘मळमळ, दुपारपर्यंत.’ ‘आल्याचा तुकडा, बरं.’ ‘झोप चार तास.’ नऊ दिवसांनी मागे वळून पाहिलं तेव्हा मळमळीच्या नोंदी तोकड्या होत गेलेल्या दिसल्या. हे मनाला दिसत नाही. मनाला रोज आजचाच दिवस दिसतो. कागदावर उतार दिसतो, आणि त्या उताराला धरून माणूस तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचतो. मला सांगितलं होतं म्हणून मी पोचले. माझ्या दादाला सांगितलं नव्हतं.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं 22 वं कलम म्हणतं की रुग्णाला आणि त्याच्या प्रतिनिधीला आजाराची, उपचाराची आणि उपचाराच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि तीही त्याला समजेल अशा भाषेत. हे कलम वाचताना मी रडले. ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द कायद्यात यायला आमच्या घरातल्या चुलत आजोबांपासून माझ्यापर्यंत तीन पिढ्या जाव्या लागल्या. पण गोळ्यांच्या खोक्यातला कागद अजून इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आहे. म्हणून ज्यांच्या घरी आज नवी गोळी आली आहे, त्यांना मी हात जोडून सांगते: हा हक्क मागून घ्या. पहिल्या आठवड्यात काय होईल, कशाला थांबायचं आणि कशाला धावायचं, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. आणि विचारताना शुद्ध बोलू नका. बूड टेकत नसेल तर बूड टेकत नाही असंच म्हणा.

आईची ती चार पानं मी आता ट्रंकेत ठेवत नाही. काकूच्या नातीला गेल्या महिन्यात गोळ्या सुरू झाल्या. ती पानं तिला दाखवली. तिने ‘मान’ वाचलं, ‘फेऱ्या’ वाचलं, मग बोट जुलैच्या अखेरीस नेलं आणि विचारलं, आत्या, हे ‘काही नाही’ यायला किती दिवस लागले? मी तिच्या बोटाखालचे चौकोन तिच्याबरोबर मोजले.